जमिनीवर थांबणाऱ्यांचं गाव

हिमाचलची सहल म्हटली की आपल्याकडच्या मंडळींच्या तोंडी सिमला, कुलू, मनाली ही नावं एका दमात येतात. फार तर डलहौसी आणि धरमशाळा. कांगडा खोऱ्यातलं बीर हे नाव काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही ऐकलं नव्हतं. आता मात्र आमच्या घरात ते माझ्या माहेरच्या गावापेक्षा जास्त वेळा उच्चारलं जातं, आणि उच्चारलं गेलं की यजमान वर्तमानपत्र तोंडासमोर धरतात.

कारण आमची धाकटी लेक उडते. विमानानं नव्हे. कापडाच्या एका मोठ्या पंखाला दोऱ्यांनी स्वतःला जोडून घेते, डोंगराच्या उतारावरून पळत सुटते आणि जमीन संपली की हवेत जाते. याला पॅराग्लायडिंग म्हणतात. पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्यानं निघालं की लोणावळ्याच्या अलीकडे कामशेत लागतं. तिथल्या टेकड्यांवर शनिवार-रविवार जाऊन ती हे शिकली. तोवर आमची काही तक्रार नव्हती. टेकड्या लहान, आणि रात्री पोर घरी जेवायला हजर! पण शिकणं संपल्यावर दरवर्षी ऑक्टोबर आला की पंखाचं गाठोडं पाठीवर टाकून ती बीरला जाऊ लागली आणि घरात अबोला शिरला. ह्यांचं म्हणणं एकच, "हौस म्हणून एकदा झालं, दरवर्षी कशाला?" लेकीचंही एकच, "बाबा, तुम्ही एकदा येऊन तर बघा." बाप-लेक दोघंही सारखेच हट्टी. शेवटी २०२४ च्या दसऱ्याला दोघांच्या वतीनं मीच निघाले. स्टेशनवर हे एवढंच म्हणाले, "नीट बघून ये आणि खरं काय ते सांग."

म्हणजे मी सहलीला नव्हे, पंच म्हणून निघाले होते!

दिल्लीहून रात्रीची बस धरली. सकाळी बैजनाथला उतरलो आणि टॅक्सीनं अर्ध्या-पाऊण तासात बीरला पोहोचलो. मला खरं तर पठाणकोटहून निघणाऱ्या छोट्या गाडीनं जायचं होतं. १९२९ साली सुरू झालेला हा अडीच फुटी रुळांचा मार्ग पठाणकोट ते जोगिंदरनगर असा १६४ किलोमीटर जातो, आणि त्यावरचं सर्वांत उंच स्टेशन अहजू हे बीरच्या अगदी जवळ आहे. पण २०२२ च्या ऑगस्टमध्ये चक्की नदीच्या पुरात पठाणकोटजवळचा पूल वाहून गेला आणि या मार्गाची घडी विस्कटली. त्यामुळे कुणाला त्या गाडीचा मोह झालाच, तर ती कुठून कुठवर धावते याची आधी चौकशी करून निघावं.

बीर सुमारे चौदाशे मीटर उंचीवर आहे. पाठीशी धौलाधारची रांग अशी उभी, की घराच्या मागच्या दारात कुणी भिंत बांधावी. पुढे मात्र सगळं मोकळं, भाताची खाचरं पायरीपायरीनं खाली उतरत गेलेली. कापणी सुरू होती. डोंगरातून वळवून आणलेलं पाणी शेताशेतांतून खळखळत होतं. या पाटांना इथं 'कूहल' म्हणतात, आणि ते राखायचं काम गावकरी पिढ्यान् पिढ्या वाटून घेत आले आहेत. अधूनमधून चहाचे मळे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी इथं चहा लावला. पुढे ४ एप्रिल १९०५ रोजी कांगड्यात मोठा भूकंप झाला, सुमारे वीस हजार माणसं गेली. बरेच इंग्रज मळेवाले मळे सोडून निघून गेले. गावकरी राहिले. त्याच कांगडा चहाला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या दूध-साखरेच्या उकळीत त्याची गंमत कळत नाही. तो नुसत्या गरम पाण्यात, बिनदुधाचा प्यावा.

गावाचा एक भाग तिबेटी वसाहतीचा. १९५९ नंतर दलाई लामांच्या पाठोपाठ जी माणसं भारतात आली, त्यांतली काही साठीच्या दशकात इथं वसली. रंगीत मठ, तांबड्या वस्त्रांतली मुलं, संध्याकाळी थुक्पा आणि मोमोच्या वाफा. १९९९ साली आलेला, फुटबॉलवेड्या बालभिक्षूंचा 'द कप' हा चित्रपट इथल्याच चोकलिंग मठात चित्रित झाला होता. घर सोडून आलेल्यांचं हे दुसरं गाव. कुणाची तरी वाट पाहणं या गावाला नवं नसावं, असं मला तिथून चालताना वाटलं.

दसऱ्याला आम्ही बैजनाथच्या देवळात गेलो. बैजनाथ म्हणजे वैद्यनाथ. आपल्याला लगेच परळी आठवते. हे दगडी देऊळ १२०४ सालचं, आणि ते बांधणाऱ्या दोघा व्यापारी भावांची नावं तिथल्या शिलालेखात आहेत. पण मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. दसऱ्याला सगळ्या देशात रावण जळतो, बैजनाथमध्ये मात्र जाळत नाहीत. रावणानं इथंच शंकराची आराधना केली, शिवाच्या भक्ताला शिवाच्या दारात जाळायचं कसं, अशी गावाची श्रद्धा. संध्याकाळी गाव शांत होतं. फटाके नाहीत, गर्दी नाही. लेक म्हणाली, "बघ आई, इथं रावणालासुद्धा दुसरी बाजू आहे." टोमणा कुणाच्या वतीनं होता हे मला कळलं, पण पंचानं बोलायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर वर बिलिंगला गेले. बीरपासून चौदा किलोमीटरचा वळणावळणांचा रस्ता देवदार आणि ओकच्या रानातून चढतो. बिलिंग सुमारे चोवीसशे मीटरवर. म्हणजे इथून उडायचं आणि हजारएक मीटर खाली बीरला उतरायचं. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये पॅराग्लायडिंगची विश्वचषक स्पर्धा इथं झाली, तेव्हापासून गावाचं नाव जगभर झालं. गवताळ उतारावर शे-दीडशे माणसं होती. कुणी पंख पसरत होतं, कुणी दोऱ्या सोडवत होतं, आणि बरीचशी नुसती बसून वाऱ्याची वाट पाहत होती. एका काठीला बांधलेली रिबीन हलली की सगळ्यांच्या माना तिकडे.

यामागचं शास्त्र लेकीनं मला तिथंच समजावलं. ऊन चढलं की दक्षिणेकडे तोंड केलेले हे उतार तापतात. तापलेली हवा वर चढते. त्या वर चढणाऱ्या हवेत पंख घालून गोल गोल फिरत राहिलं की माणूसही वर जातो. हवा कुठे चढते आहे हे दिसत नाही, म्हणून छातीवर एक छोटं यंत्र असतं. वर जाऊ लागलं की ते टीं-टीं करतं. पण सगळ्यांत भरवशाचं यंत्र म्हणजे गिधाडं. ती जिथं पंख न हलवता फिरतात, तिथं माणसं जातात. "ती आमची मास्तर," लेक म्हणाली. सकाळी हवा थंड, म्हणून कुणी घाई करत नाही. आणि दुपार कलली की खोऱ्यातला वारा वाढतो, म्हणून कुणी उशीर करू नये.

ज्यांना स्वतःला उडता येत नाही त्यांना पायलट आपल्यापुढे बांधून नेतो. एक नवं जोडपं होतं, एक सत्तरीचे आजोबा होते. प्रत्येकाला एकच सूचना, "दौड़ते रहिए, बैठना मत." आजोबा चार पावलं धावले आणि गेले. त्यांची मुलगी आणि जावई मोबाइल वर धरून उभे होते, पण चित्र काढायचं दोघांनाही सुचलं नाही.

मग लेकीची पाळी. शिरस्त्राण, पट्टे, आणीबाणीची छत्री सगळं तिनं एकदा तपासलं, मैत्रिणीनं दुसऱ्यांदा तपासलं. मग पाच मिनिटं ती नुसती उभी राहिली. वारा एका बाजूनं येत होता. मला वाटलं, आता जाईल, आता जाईल. ती काही गेली नाही. वारा समोरून आल्यावर पंख डोक्यावर घेतला, तीन पावलं टाकली, आणि माझ्यासमोरची जागा रिकामी झाली. आवाज नाही, काही नाही. मला जे भ्यायचं होतं ते भिऊन होण्याआधीच ती पलीकडच्या धारेवर ठिपका झाली होती.

मी उडले नाही. गुडघ्यांचं कारण खरं आहे, पण तेवढंच नव्हे. घरातल्या एकानं वर जायचं तर एकानं खाली असावं, असा माझा आपला जुना हिशेब.

आमचा मुक्काम एका गद्दी कुटुंबाच्या घरी होता. गद्दी म्हणजे इथले मेंढपाळ. उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन उंचावर जायचं, थंडी पडायच्या आत खाली यायचं. या घरचं मूळ गाव धौलाधारच्या पलीकडचं बडा भंगाल. तिथं आजही मोटार जात नाही. साडेचार हजार मीटरहून उंच थमसर खिंड ओलांडून चालत जावं लागतं. तिथली बरीच घरं हिवाळ्यात बीरला उतरतात. घरमालकीण माझ्याच वयाची. मी तिला भाभीजी म्हणायची, ती मला दीदी. तिचा थोरला मुलगा टँडेम पायलट. हंगामात दिवसाला चार-पाच वेळा अनोळखी माणसांना घेऊन उडतो. त्याच पैशातून घरावर दोन खोल्या चढल्या, बहिणीचं लग्न झालं.

चौथ्या दिवसाची गोष्ट. लेक अकराच्या सुमारास उडाली. आज धौलाधारच्या कडेकडेनं धरमशाळेच्या दिशेला जाऊन परत यायचा बेत होता. सोबत आणखी तिघं. तिच्या मोबाइलवरून माझ्या मोबाइलवर ती कुठं आहे याचा ठिपका दिसायचा. दोनच्या सुमारास तो ठिपका पालमपूरच्या पुढे एका जागी थांबला. अडीच वाजले, तीन वाजले, ठिपका हलेना. फोन लागेना. मी उतरण्याच्या मैदानावर जाऊन आले. तिथं पंख उतरत होते, घड्या घातल्या जात होत्या, चहाच्या टपरीवर हसणं चाललं होतं. तिच्यासोबतच्यांपैकी एकजण उतरला होता. "काकू, ती मागे राहिली होती, उतरली असेल कुठेतरी," तो म्हणाला. 'असेल' या शब्दाला एवढं वजन असतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

घरी परतले तर भाभीजी गच्चीवर मक्याची कणसं उलटीपालटी करत होती. माझा चेहरा बघून तिनं काही विचारलं नाही. सुपात राजमा घालून माझ्यासमोर ठेवला. "दीदी, ज़रा ये चुन दो." मी निवडू लागले. डोळे मात्र आभाळात. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आसमान को देखते रहने से कोई जल्दी नहीं उतरता."

मग ती आपलं सांगू लागली. लग्न होऊन आली तेव्हा सासरे आणि नवरा उन्हाळाभर मेंढ्यांबरोबर वर असायचे. भादवा सरला की थमसर उतरून यायचे. एका वर्षी बर्फ लवकर पडलं. त्यांच्यापुढचे कळप आले, मागचे आले, यांचा पत्ता नाही. फोन नाही, निरोप नाही. बारा दिवस गेले. मी विचारलं, "मग तू काय केलंस?" ती माझ्याकडे बघतच राहिली, जणू प्रश्नच तिला कळला नव्हता. "क्या करती? गाय को घास डाली, ऊन काता, रोटी बनाई." तेराव्या दिवशी घंटांचा आवाज आला. सतरा मेंढ्या गेल्या होत्या, माणसं आली होती.

"और अब बेटा?" मी विचारलं.

मुलानं तिला एकदा वर नेलं होतं म्हणे. वरून आपलं घर केवढंसं दिसलं ते सांगताना ती हसली. पण तो उडत असताना ती वर बघत नाही. संध्याकाळी दाराशी त्याचे बूट दिसले की गॅस पेटवते. एवढंच. मुलालाही ते ठाऊक आहे. म्हणून उतरल्यावर मित्रांबरोबर कुठं जायचं असलं तरी तो आधी घरी येऊन बूट बदलून जातो.

पाच वाजायला वीस मिनिटं असताना फोन वाजला. अनोळखी नंबर. "आई, मी आहे. पालमपूरच्या पुढे एका शेतात उतरलेय. फोन बंद पडला होता. इथल्या ताईंचा फोन घेतलाय. चहा पिऊन बसनं येते." मी "बरं" म्हणाले. दुसरं काही तोंडातून निघालंच नाही. राजमा निवडून झाला होता. भाभीजीनं सूप उचललं आणि खाली गेली. रात्री साडेसातला लेक आली, पाठीवर गाठोडं आणि हातात शेतमालकिणीनं दिलेल्या काकड्यांची पिशवी.

जेवणं झाल्यावर मी तिला एकच विचारलं, "बाकीचे पुढे गेले, तू का उतरलीस?" तिनं सांगितलं, समोरच्या धारेवर ढग भराभर मोठा होत होता. अशा ढगाखालची हवा वर ओढून घेते, मग खाली येणं आपल्या हातात राहत नाही. बाकीच्यांना वाटलं, वेळ आहे. तिला वाटलं, नाही. म्हणून मोकळं शेत बघून उतरली. "त्यांचं चुकलं असं नाही गं. पण मला जे पटत नाही ते मी करत नाही."

मला हवं होतं ते उत्तर मिळालं. बिलिंगवर ती पाच मिनिटं का थांबली होती, तेही तेव्हाच उमगलं. पोरीला उडता येतं याचं मला फारसं कौतुक नव्हतं. कुठं थांबायचं आणि कधी उतरायचं हे तिला कळतं, चारजण पुढे गेले तरी कळतं, हे मी स्वतः पाहिलं. आईला याहून जास्त काय हवं?

त्याच रात्री आमचा करार झाला. उडण्याआधी आणि उतरल्यावर निरोप करायचा. दोन भरलेल्या पॉवर बँक सोबत ठेवायच्या, वॉकीटॉकी आणि सोबती असल्याशिवाय लांब जायचं नाही. आणीबाणीची छत्री ठरलेल्या मुदतीत उघडून, तपासून पुन्हा घडी घालून घ्यायची. रांगेच्या आतल्या बाजूला, जिथं उतरायला सपाट जागाच नाही, तिकडे जायचं नाही. तिनं सगळं कबूल केलं. माझ्या बाजूनं एकच अट तिनं घातली, "दर दहा मिनिटांनी फोन करायचा नाही." मीही कबूल केलं.

इथं अपघात होत नाहीत असं मी सांगणार नाही. होतात, माणसं दगावतातही. म्हणूनच तुमच्या घरातलं कुणी हौसेनं एकदा उडायचं म्हणत असेल तर या गोष्टी जरूर बघा. हिमाचलात या खेळासाठी २००४ पासून नियम आहेत. पायलटचा परवाना आणि पर्यटन खात्याकडची नोंदणी विचारा. विचारायला लाजू नका, चांगला पायलट आपणहून दाखवतो. शिरस्त्राण आणि आणीबाणीची छत्री आहे ना, ते पाहा. आपलं वजन खरं सांगा. पायात घोट्यापर्यंतचे बूट, अंगात स्वेटर हवा. पावसाळ्यात १५ जुलै ते १५ सप्टेंबर उडायला बंदी असते. ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगले. भावात घासाघीस करून स्वस्तातला पायलट शोधू नका. आणि तो जर म्हणाला, "आज वारा बरोबर नाही," तर त्याला आग्रह करू नका. त्या दिवशी गावात फिरा, कूहलच्या काठानं चाला, चहा प्या. ते दिवसही वाया जात नाहीत.

निघताना भाभीजीनं राजमाची पुरचुंडी दिली. मी तिला घरून नेलेल्या चकल्यांचा डबा रिकामा करून दिला. "अगले साल?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "बेटी तो आएगी ही." ती म्हणाली, "उसके जूते मैं देख लूँगी."

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "मग? काय ते खरं सांग." मी सांगितलं, "धोका आहे. तुम्हाला वाटतं तेवढा नाही, तिला वाटतो त्याहून थोडा जास्त. पण तिला उतरायचं कळतं." दुपारची ती तीन तासांची हकिकतही सांगितली, काही न लपवता. ह्यांनी ऐकून घेतलं, एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, आता वर्तमानपत्र वर जाईल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरून आले ते दोन पॉवर बँक घेऊन. टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "तिच्या बॅगेत टाक. आणि तिला विचार, एक किती वेळ पुरते."